न छापलेलं अकरावं कार्ड

बाबा, परवाच्या शुक्रवारी मी तुमचं अकरावं कार्ड पाहिलं. इथे कुवेतला, दस्मानजवळच्या एका हॉटेलात जुन्या वस्तू जमवणाऱ्यांचं प्रदर्शन होतं. तिथल्या एका टेबलावर ते प्लॅस्टिकच्या जाड डबीत उभं करून ठेवलं होतं. पिवळ्या रंगावर यष्टिरक्षक, हातमोजे गुडघ्यांवर टेकलेले, टोपी जराशी तिरकी, खाली लाल पट्टीत नाव. डबी उलटी करून पाहिली तर पाठीवर तेच वाक्य, जे तुम्ही जेवताजेवता पाठ म्हणून दाखवायचात: या संचात अकरा खेळाडू आहेत, सगळे जमवा आणि मित्रांना दाखवा. मी डबी पुन्हा सुलटी केली, पुन्हा उलटी केली. माझी लेक बरोबर होती, तिला वाटलं मी किंमत शोधतेय. तुम्ही आयुष्याची इतकी वर्षं घालवून जे कार्ड कधी छापलंच गेलं नाही असं ठरवलं होतंत, ते माझ्या हातात होतं, आणि त्याचे कोपरे थोडे झिजलेलेसुद्धा होते.

ही गोष्ट मी लेकीला सांगायला लागते तेव्हा ती दोन वाक्यांनंतर फोनकडे बघायला लागते, म्हणून तुम्हालाच सांगते. तुमच्याकडूनच ऐकलेली आहे, तरी. चिपळूणला तुमच्या लहानपणी मुंबईच्या कुठल्याशा कंपनीच्या लिमलेटच्या गोळ्या यायच्या आणि पाकिटात एक क्रिकेटवाल्याचं चित्र असायचं. अख्ख्या आळीतल्या मुलांकडे दहा चित्रं होती. अकरावं, यष्टिरक्षकाचं, कुणाकडेच नव्हतं. गुहागरला कुणाला तरी मिळालं, खेडच्या एका मुलाने ते पाण्यात पाडलं, अशा बातम्या यायच्या. तुम्ही म्हणायचात की गोळ्या खाऊन खाऊन जिभेला चिरा पडल्या, आजीने पाठीत धपाटा घातला, पण ते चित्र काही निघालं नाही. कर्णधार मात्र ज्याच्या त्याच्याकडे दोन-दोन. पुढे मुलं मोठी झाली आणि विसरली. तुम्ही विसरला नाहीत. विसरला नाहीत म्हणजे रडत बसलात असं नाही, तुम्ही ते शोधायला घेतलंत.

सालमियाच्या त्या घरातला शुक्रवार मला अजून दिसतो. आईचा कुकर चालू आहे, खिडकीतला एसी घरघरतोय, आणि तुम्ही स्वयंपाकघरातल्याच टेबलावर बसलाय, कारण तिथला दिवा सगळ्यात लख्ख. शुवैखच्या गोदामात आठवडाभर गाड्यांचे सुटे भाग नोंदवून आलेला माणूस सुट्टीच्या दिवशी भिंग घेऊन चित्रांच्या कडा तपासतोय. आई म्हणायची, "त्या पुठ्ठ्यांना एक वेगळी खोली घ्या, आम्ही इथे भाड्याने राहतो." तुम्ही हसायचात आणि टेबल दोन वीत सरकवायचात, एवढंच. एका खेळाडूच्या लाल पट्टीचा रंग दोन प्रकारचा का, म्हणजे कार्डं दोनदा छापली का, आणि दोनदा छापली तर आधीचं कुठलं, यावर तुमचं एक अख्खं वर्ष गेलं होतं. मी विचारलं होतं, "कळल्यावर काय होणार?" तुम्ही म्हणालात, "कळेल."

आणि तुम्ही एकटे नव्हतात. कोल्हापूरला त्या बाई होत्या, मुलींच्या शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांच्या भावाची कार्डं होती. भाऊ तरुणपणीच गेला, तेव्हापासून त्या त्याचा संच पुरा करत होत्या. आणि कोलंबोचे ते गृहस्थ, बंदरात नोकरीला, सिंहली वळणाच्या गोल इंग्रजी अक्षरांत लिहिणारे. तिघांनी पत्रांतून मिळून ठरवलं की कुठली कार्डं निघाली, कधी, कुठल्या कागदावर, कुठल्या छापखान्यात. कुणी सांगितलं नव्हतं. कुणाला त्यातून काही मिळणार नव्हतं. भारतात, सिलोनमध्ये, आफ्रिकेत गेलेल्या गुजराती घरांमध्ये तुम्ही माणसं शोधून काढायचात आणि त्यांना विचारायचात, माळ्यावर बघता का. बहुतेक जण उत्तर द्यायचे नाहीत. जे द्यायचे त्यांचं नाव तुम्ही नोंदीखाली लिहायचात, अगदी एका कार्डाची रुंदी मोजून कळवली असली तरी. एकदा तुम्ही एका खेळाडूचं वर्ष अदमासाने लिहिलंत, तर कोलंबोहून असं खरमरीत उत्तर आलं की तुम्ही दोन दिवस भिंगाला हात लावला नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणालात, "बरोबर आहे त्यांचं. मी पाहिलं नव्हतं." त्या माणसाला तुम्ही आयुष्यात कधी भेटला नाहीत. पण त्यांच्यासारखा मित्र तुम्हाला दुसरा नव्हता, हे आईलाही माहीत होतं.

मग कोल्हापूरच्या बाईंचा निरोप आला. त्यांच्या नात्यातल्या कुणाच्या तरी घरी लग्नासाठी स्वयंपाकघर रंगवायला काढलं होतं, डब्यांच्या फळीवर घातलेला जुना कागद निघाला, आणि तो कागद म्हणजे त्याच कार्डांचा न कापलेला तक्ता होता. फोटो पाठवते म्हणाल्या. तुम्ही म्हणालात, नको, येतो. रजेवर गेलो तेव्हा चिपळूणला सामान टाकून दुसऱ्याच दिवशी तुम्ही मला घेऊन एसटीत बसलात. घाटात मला उलट्या झाल्या. कोल्हापूरच्या त्या घरात ताज्या चुन्याचा वास होता, डबे सगळे जमिनीवर मांडलेले, आणि बाईंनी तो कागद ओल्या फडक्याने टिपून पाटावर पसरला होता. तेलाचे डाग, हळदीचे डाग. तुम्ही दोघं गुडघ्यांवर बसून एकेक घर मोजत होतात. दहा खेळाडू, कंपनीची जाहिरात, आणि उरलेल्या घरात पुन्हा कर्णधार. यष्टिरक्षक नव्हता. त्याच्या जागी कर्णधारच दुसऱ्यांदा छापला होता, म्हणून तो सगळ्या मुलांकडे दोन-दोन होता. बाई म्हणाल्या, "झालं की हो. मिटलं." तुम्ही चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाला पुसलात, पुन्हा लावलात, पुन्हा काढलात. मी जरा मोठ्यानेच म्हणाले, "म्हणजे नव्हतंच? मग इतकी वर्षं कशाला शोधलंत?" त्या घरातली माणसं हसली. तुम्ही माझ्याकडे वळून, मी आधी कधी ऐकला नव्हता अशा आवाजात म्हणालात, "नाही हेसुद्धा कुणीतरी शोधावं लागतं." आणि लगेच, मला वाईट वाटलं असेल म्हणून, "चल, भडंग घेऊ तुला."

पुढच्या एका रजेत आपण चिपळूणलाच होतो तेव्हा कुवेतवर आक्रमण झालं. तुम्ही रेडिओ कानाला लावून ओटीवर बसलेले असायचात. सगळी कार्डं सालमियाच्या कपाटात होती. परत गेलो तेव्हा इमारतीच्या हारिसने, म्हणजे रखवालदाराने, दार उघडून दिलं आणि बाजूला झाला. सगळं नेलं होतं. दिव्यांची बटणंसुद्धा भिंतीतून उपटून नेली होती. आई एका कोपऱ्यात बसून रडली. तुम्ही कपाटाच्या रिकाम्या जागेसमोर उकिडवे बसलात. मग उठून खालच्या बकाल्यात, वाण्याकडे, गेलात, खुबूसच्या रोट्या, अंडी आणि कागद घेऊन आलात, आणि जमिनीवर बसून दोघांना कळवायला घेतलंत की कार्डं गेली आहेत, पण नोंदी अर्ध्याहून जास्त डोक्यात आहेत. बाईंनी कुणाबरोबर तरी त्यांच्याकडचं जादा असलेलं कर्णधाराचं कार्ड पाठवलं, तुमच्याकडे निदान एक असावं म्हणून. ते पाहून तुमचे डोळे भरले होते. पण उत्तरात तुम्ही आभारांची एक ओळ लिहिलीत आणि पुढे पानभर त्याच्या कडांच्या मापाबद्दल विचारलंत. तुम्ही पुन्हा कधी कार्डं जमवली नाहीत. फक्त माहिती जमवलीत. मला तेव्हा वाटायचं की ही तर शहाणपणाची गोष्ट, माहिती कोण चोरून नेणार?

सगळं संगणकावर चढवायचं ठरलं तेव्हा टाइप मी करून दिलं. कॉलेजात होते, बोटं भराभर चालायची. एका खेळाडूसमोर जन्मगाव नव्हतं, मी त्याच्या आडनावावरून अंदाजाने एक गाव घालून टाकलं, पान भरलेलं दिसावं म्हणून. तुम्ही वाचताना तिथे थांबलात. "हे कुणी सांगितलं?" "असेलच ना, बाबा." "रिकामं आहे ते रिकामं ठेव. उद्या कुणीतरी त्याच्यावर घर बांधेल." मी चिडले होते. तुम्ही त्या रात्री जेवताना माझ्या पानात तुमच्या वाटणीची तळलेली सुरमई वाढलीत, म्हणजे भांडण संपलं. मग कोलंबोच्या गृहस्थांच्या मुलाने ते सगळं एका वेबसाइटवर ठेवलं. खाली तिघांची नावं, आणि त्या तक्त्याचा फोटो, डागांसकट. तुम्ही ऑफिसातून मला फोन करून म्हणालात, "उघड आणि बघ." मी उघडून पाहिलं. त्यानंतर दीडेक वर्षातच तुम्ही गेलात.

तुम्ही गेल्यावर बाई गेल्या. त्यांच्या घराची आवराआवर पुतण्यांनी केली. मी त्या तक्त्याची चौकशी केली तर म्हणाले, रद्दी पुष्कळ होती हो, एक टेम्पो भरून गेली. कोलंबोचे गृहस्थ मात्र राहिले. दर वर्षी तुमच्या वाढदिवसाला दोन ओळींचा ईमेल करायचे, तुम्हाला नाही, मला. गेल्या वर्षी आला नाही. त्यांच्या मुलाला लिहिलं तर त्याने फार सभ्यपणे कळवलं की वडील वारले, वेबसाइटची मुदत संपली ती त्याने वाढवली नाही, आणि त्यांचा संगणक एका शाळेला देऊन टाकला. आता तो पत्ता उघडला की नुसती एक पांढरी पाटी येते, ही जागा विकणे आहे. मी टाइप केलेली फ्लॉपी आता उघडत नाही, म्हणून नेटवर जुन्या प्रती शोधल्या. कुठेकुठे अक्षरं सापडतात, मधूनच तुटलेली, फोटो एकही नाही. ऑफिसातल्या पोरांना विचारलं, आम्ही सगळे बँकेच्या संगणकांवरच बसतो, दुसरं काम काय? ते म्हणाले, मॅम, गेलं ते गेलं.

तर शुक्रवारी हे झालं. टेबलावरचा विक्रेता पुण्याकडचा तरुण मुलगा, चांगला होता बाबा, लबाड नव्हता. मी म्हटलं, "हे खोटं आहे. हे कार्ड छापलेलंच नाही." तो गोंधळला. "मॅडम, असं कसं? कॅटलॉगमध्ये आहे ना." त्याने एक जाडजूड गुळगुळीत पुस्तक पुढे केलं. मी पान उघडलं आणि मला तुमचा आवाज ऐकू आला. लाल पट्टीच्या दोन रंगांवरचं ते वाक्य तुमचं होतं, मी टाइप केलेलं, स्वल्पविरामासकट. कोलंबोच्या गृहस्थांची कागदावरची टीप होती. बाईंनी काढलेली मापं होती. तुमचं तिघांचं सगळं होतं, फक्त तुम्ही तिघं नव्हतात. कुठेही नाव नाही. जिथे जिथे तुम्ही 'आम्हाला नक्की माहीत नाही' असं लिहिलं होतंत, ते शब्द तेवढे काढून टाकले होते. आणि शेवटी, दहा खऱ्यांच्या रांगेत, अकरावं. त्याच्यापुढे लिहिलं होतं, अत्यंत दुर्मीळ. रिकामी जागा कुणालातरी बघवली नाही, बाबा.

तेवढ्यात माझ्या शेजारी एक वयस्क गृहस्थ येऊन उभे राहिले. पांढरी दाढी, इस्त्रीचा सदरा, हातात काठी. आमचं मराठी ऐकून थांबले होते. म्हणाले, "मी दापोलीकडचा. फहाहीलला दुकान आहे आमचं, आता मुलगे बघतात." मग त्यांची नजर त्या डबीवर गेली आणि ते एकदम लहान आवाजात म्हणाले, "या अल्ला. हा मिळाला?" त्यांनी डबी दोन्ही हातांनी उचलली. "अब्बा बोटीवर होते. मुंबईला लागले की आमच्यासाठी गोळ्यांची पाकिटं आणायचे. भाऊ नि मी, दोघांत दहा झाले. हा काय आला नाय. भाऊ म्हणायचा, तुझा हातच फुटका, तू पाकीट उघडू नको." ते हसले. "भाऊ पण गेला आता. असता तर आज दाखवला असता त्याला."

तुम्ही असतात तर काय केलं असतंत ते मला माहीत आहे. म्हणून मी सांगितलं. "चाचा, हे घेऊ नका. हे कार्ड कधी निघालंच नव्हतं. माझ्या वडिलांनी आणि आणखी दोघांनी शोधून काढलंय." आणि मी तक्त्याबद्दल सांगितलं, कर्णधार दोनदा का होता ते सांगितलं. चाचांनी सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदा म्हणालेसुद्धा, "खरं आहे, कप्तान आमच्याकडे पण दोन होते." मग विचारलं, "तो कागद कुठे आहे?"

"गेला."

"फोटो?"

मी फोन काढला आणि का कुणास ठाऊक, तो पत्ता उघडला. पांढरी पाटी. चाचांनी फोन डोळ्यांजवळ नेऊन पाहिला, तो मला परत दिला, आणि माझ्या डोक्यावर हात ठेवल्यासारखं करून म्हणाले, "बेटी, तुझे वालिद खोटं बोलणारे नसतील. पण ते नायत, तो कागद नाय. आणि हा हातात आहे." विक्रेता माझ्याकडे बघत होता, मी आणखी काही म्हणते का म्हणून. खरंच बघत होता. मी म्हणाले असते की कोल्हापूरला तो कागद पाहताना मी स्वतः तिथे होते, तर तो थांबला असता असं मला वाटतं. चाचांनी पाकीट काढलं.

गाडीत लेक म्हणाली, "मॉम, ही वॉज सो हॅपी. व्हाय स्पॉइल इट?" मग थोड्या वेळाने, फहाहीलच्या रस्त्यावर धूळ उठली होती आणि समोरचं काही दिसत नव्हतं तेव्हा, "डिड एनीवन एव्हर थँक आजोबा?" मी म्हटलं, कोल्हापूरच्या बाईंनी एकदा एक कार्ड पाठवलं होतं. ती म्हणाली, "दॅट्स इट?" मी गाडी चालवत राहिले.

महबूलाच्या घरी आल्यापासून मी हाच विचार करते आहे. तुम्ही तिघांनी एकेक गोष्ट डोळ्यांनी पाहून, एकमेकांना खोडून, रिकाम्या जागा रिकाम्या ठेवून जे उभं केलंत, ते नुसतं चोरीला गेलं असतं तरी चाललं असतं. ते चोरीला गेलं आणि वर त्याला एक खोटी खोली जोडली गेली, आणि आता खरं-खोटं सांगणारं माणूस उरलं नाही. मी ते पुन्हा लिहू शकते का? बसून बघितलं. दुसरी छपाई आधीची की नंतरची ते मला आता सांगता येत नाही. कागदाचं नाव आठवत नाही. तुमच्यासारख्या माणसांचे आभार कुठे मानायचे असतात तेही मला माहीत नाही. तुम्ही ज्या त्या कार्डाखाली लोकांची नावं लिहीत बसायचात, तुमचं नाव कोण लिहिणार? मी लिहीन म्हटलं तर मला विचारतील, तुम्ही कोण, आणि पुरावा काय, आणि तो प्रश्न बरोबर असेल. तुम्हीही तोच विचारला असतात.

हे पाठवायला जागा नाही, हे कळूनच लिहायला घेतलं. आईला वाचून दाखवावं असं मनात आलं होतं, पण ती आता चिपळूणला दादाकडे असते, तिला अर्धं ऐकू येतं, आणि तुमच्या पुठ्ठ्यांचा विषय काढला की तिला रडू येतं. तेव्हा हे माझ्याजवळच राहील.

एक सांगायचं राहिलं. चाचांनी ते कार्ड सदऱ्याच्या आतल्या खिशात, छातीशी ठेवलं, वरून हात फिरवला, आणि काठी टेकत गर्दीतून निघून गेले. मी त्यांना हाक मारू शकत होते. मारली नाही, कारण मला त्यांच्याकडे बघून बरं वाटत होतं. आणि खरं सांगते, त्या वेळी मी तुमच्या बाजूची नव्हते, बाबा.